गोंदेश्वराचे छायाचित्र कोणी काढले?

(थ्रेड)

१/ सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराचे छायाचित्र इतिहासप्रेमींच्या पानांवर दर पावसाळ्यात नव्याने फिरू लागते. हिरवळ, ओला काळा दगड, मागे दाटलेले ढग. खाली यादवकाळ, भूमिज शैली, शैवपंचायतन अशी माहिती असते. छायाचित्र कोणी व केव्हा काढले, ही ओळ मात्र बहुधा नसते. हा थ्रेड त्या गाळलेल्या ओळीविषयी आहे.

२/ शंभर वर्षांपूर्वी ही ओळ गाळली जात नसे. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचे प्रमुख हेन्री कझिन्स यांनी दख्खनमधील मंदिरांची पाहणी केली. त्यांचा मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात सिन्नरला मानाचे स्थान मिळाले. सर्वेक्षणातील छायाचित्रांबरोबर स्थळाची नोंद ठेवली गेली, म्हणूनच शिखराची तेव्हाची आणि आजची अवस्था आपण ताडून पाहू शकतो.

३/ या कामाशी नाशिक जिल्ह्याचा आणखी एक धागा जुळतो. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी व्यवसायाने छायाचित्रकार होते. काही काळ त्यांनी पुरातत्त्व खात्यातही छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून काम केले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला; त्याआधीचे हे नोंदीचे शिक्षण सहसा विसरले जाते.

४/ मात्र सिन्नर म्हणजे केवळ गोंदेश्वर नव्हे. घरोघरी सुपात तेंदूची पाने घेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या श्रमावर या गावाचे अर्थकारण दीर्घकाळ उभे होते. पुढे माळेगाव आणि मुसळगाव येथे औद्योगिक वसाहती आल्या. अलीकडे समृद्धी महामार्गाने तालुक्याचा भूगोल बदलला. मंदिराची छायाचित्रे अगणित आहेत. विडी कामगारांची, नाव-गाव-सालासह जपलेली छायाचित्रे किती सापडतील?

५/ तालुक्याचा पूर्वभाग पर्जन्यछायेतला. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात सिन्नर होता. त्या वर्षी टँकरभोवतीची गर्दी, कोरड्या विहिरी, चारा शोधणारी माणसे यांची छायाचित्रे काढणारे बहुतेक जण तालुका वार्ताहर किंवा फोटो स्टुडिओ चालवणारे असतात. लग्नसराईच्या कमाईवर त्यांचा कॅमेरा चालतो. बातमीच्या छायाचित्राचे मोल किरकोळ.

६/ हीच छायाचित्रे उद्याच्या इतिहासकाराची प्राथमिक साधने आहेत. बखर वाचताना आपण विचारतो : लिहिणारा कोण, कधी लिहिले, कोणासाठी लिहिले? छायाचित्रालाही हेच तीन प्रश्न लागू होतात. त्यांची उत्तरे चित्रात दिसत नाहीत. ती चित्राखालच्या ओळीत असतात.

७/ उदाहरण याच जिल्ह्यातले आहे. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून अखिल भारतीय किसान सभेचा मोर्चा निघाला. सुमारे १८० किलोमीटर चालून हजारो शेतकरी १२ मार्चच्या पहाटे मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचले. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून अखेरचा टप्पा त्यांनी रात्रीच पार केला. सोललेल्या, रक्ताळलेल्या तळव्यांची छायाचित्रे देशभर पोहोचली.

८/ आता त्यातल्या एका छायाचित्राखालची ओळ पुसली गेली अशी कल्पना करावी. उरतील फक्त दोन जखमी पाय. ते २०१८ च्या मोर्चातले, की २०२० च्या टाळेबंदीत महामार्गाने घरी निघालेल्या मजुराचे? वनजमिनीच्या हक्कासाठी चाललेल्या आदिवासी शेतकऱ्याची मागणी त्या चित्रातून नाहीशी होते. कणव तेवढी शिल्लक राहते. कणवेला साल नसते.

९/ ओळ पुसली जाण्याची कारणे अनेक आहेत. नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीच्या काळात त्यांची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पुढे त्यांचे काम जपले गेले म्हणून श्रेयाची ही दुरुस्ती शक्य झाली. तालुक्याच्या छायाचित्रकाराला अशी दुसरी संधी क्वचितच मिळते.

१०/ कुलवंत रॉय यांची कथा याहून बोलकी आहे. स्वातंत्र्यकाळातील नेत्यांचे क्षण टिपणारे हे छायाचित्रकार १९८४ साली निवर्तले. त्यांची चित्रे आणि निगेटिव्ह्ज असलेली खोकी आदित्य आर्य यांच्याकडे आली आणि अनेक वर्षांनी उघडली गेली, तेव्हा कुठे हा ठेवा अभ्यासकांसमोर आला. जुन्या स्टुडिओंच्या माळ्यावर अशी खोकी आजही असतील. ती रद्दीत जाण्याआधी कोणी विचारले, तरच उपयोग.

११/ छायाचित्राखालच्या ओळीचे मोल जगानेही ओळखले आहे. १९५५ पासून चालत आलेल्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत २०१५ साली बेल्जियममधील शार्लरुआ शहरावरील चित्रमालिकेला पहिले पारितोषिक मिळाले. त्यातील एक चित्र प्रत्यक्षात ब्रसेल्सच्या परिसरातले निघाले आणि पारितोषिक काढून घेण्यात आले. केवळ स्थळ चुकीचे दिल्याने साऱ्या मालिकेची विश्वासार्हता गेली.

१२/ भारतीय कायदाही या प्रश्नावर मूक नाही. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर, वृत्तपत्राच्या नोकरीत काढलेल्या चित्राचा प्रसिद्धीपुरता हक्क मालकाकडे जातो. इतर बाबतीत तो छायाचित्रकाराकडे राहतो. कलम ५७ प्रमाणे आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क तर हक्क विकल्यानंतरही उरतो. श्रेय देणे हा केवळ सौजन्याचा भाग नाही.

१३/ येथे एक आक्षेप संभवतो. चित्र जितके फिरेल तितका इतिहास लोकांपर्यंत जाईल, मग नावाचा आग्रह कशाला? आक्षेपात तथ्य आहे. गोंदेश्वराचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले ते अशाच फिरत्या चित्रांमुळे. तथापि तळटीप नसलेला उतारा इतिहासाचा विद्यार्थी स्वीकारत नाही. मग निनावी चित्र तो बिनदिक्कत पुढे का पाठवतो? शब्दांसाठी एक कसोटी आणि चित्रांसाठी दुसरी, हे अभ्यासाचे लक्षण नव्हे.

१४/ कॅमेरा हाती असलेल्या तरुणांना आज काही वाटा खुल्या आहेत. वर्ल्ड प्रेस फोटोला प्रवेशशुल्क नाही आणि आता तेथे आधी विभागवार निवड होते. रामनाथ गोएंका पुरस्कारांत वृत्तछायाचित्रणाचा विभाग आहे. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेले ‘पारी’ ग्रामीण भारताचे संग्रहालय मराठीतही प्रसिद्ध होते; नाशिकच्या मोर्चाचे दस्तऐवज तेथे पाहता येतात.

१५/ पारितोषिक एखाद्यालाच मिळते. नोंद मात्र प्रत्येकाला ठेवता येते. मूळ फाइल जपावी, कारण व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीतून तारीख व कॅमेऱ्याचा तपशील गळून पडतो. चित्राला तारीख, गाव, प्रसंग आणि आपले नाव जोडावे. माणसांची नावे त्यांच्या संमतीने लिहावीत. दोन ठिकाणी प्रती ठेवाव्यात. यास पैसा फारसा लागत नाही, शिस्त लागते.

१६/ इतिहासाची पाने चालवणाऱ्यांचे कर्तव्य याहून सोपे आहे. चित्र घेताना मूळ छायाचित्रकार शोधावा, त्याला विचारावे, नाव लिहावे. नाव सापडत नसेल तर ‘छायाचित्रकार अज्ञात’ असे स्पष्ट लिहावे. एवढ्याने वाचकाला निदान कळेल की या चित्रामागे एक माणूस होता आणि त्याचा शोध अजून बाकी आहे.

१७/ परंपरा सांगते की गोंदेश्वर रावगोविंदाने बांधवले, म्हणून त्याचे नाव देवाला लाभले. ज्यांनी प्रत्यक्ष दगड घडवला त्या पाथरवटांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, याची खंत प्रत्येक इतिहासप्रेमी व्यक्त करतो. त्याच मंदिरासमोर आज कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे नाव लिहिणे अजून आपल्या हातात आहे.

(समाप्त)