भ्रंशरेषेवरील सहल

कॅलिफोर्नियातील बर्कले शहरात भ्रंशरेषा दाखविणाऱ्या सहली निघतात. त्यांत हसण्याजोगे काही नाही. हेवर्ड भ्रंश शहराखालून जातो व वर्षाला सुमारे ५ मिलिमीटर सरकतो. वाकलेल्या पदपथांच्या कडा पाहिल्या की १८६८ चा भूकंप पुन्हा होऊ शकतो, हे व्याख्यानावाचून पटते. विद्यापीठाचे १९२३ सालचे क्रीडागार तर भ्रंशावरच उभे आहे. २०१२ साली पुऱ्या झालेल्या पुनर्बांधणीत त्याचे भ्रंशावरील भाग उरलेल्या बांधकामापासून विलग करण्यात आले; जमीन सरकली तर ते स्वतंत्रपणे हलावेत, ही योजना. खर्च ३० कोटी डॉलरांहून अधिक.

क्रीडागाराची निगा अशी राखली जाते. राहत्या घरांचे काय? १९८९ च्या भूकंपात खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या मरीना भागात कोसळल्या त्या भाडेकरूंच्या लाकडी इमारती, ज्यांचा तळमजला मोटारींसाठी मोकळा ठेवलेला होता. अशा इमारती मजबूत करण्याची सक्ती व्हावयास २०१३ साल उजाडले. शिवाय भाडेनियंत्रणाखालील घरांतही हा सारा खर्च २० वर्षांत विभागून भाडेकरूंकडून वसूल करण्याची मुभा मालकाला आहे! गरजूंना सवलत मिळते, परंतु तिच्यासाठी अर्ज भाडेकरूनेच करावयाचा. इमारत मालकाची, तिचे वाढलेले मोलही मालकाचे. पोलादी चौकटीचे पैसे मात्र भाडेकरूचे. (अर्थशास्त्राच्या वर्गात याला आम्ही गुंतवणूक म्हणू दिले नसते.) हा भार मालकाने व नगरपालिकेच्या तिजोरीने उचलावा, अशी मागणी तेथील भाडेकरूंनी केली तर ती रास्तच ठरेल.