प्रोग्रामचा अर्थही शिकवा

दोन पूर्णांकांची बेरीज करायची आणि दोनाने भागायचे. ‘बायनरी सर्च’मध्ये यादीचा मध्य काढणारी ही साधी ओळ जावाच्या लायब्ररीत वर्षानुवर्षे सदोष राहिली. आकडे मोठे असले, की बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाते, जावाच्या नियमानुसार ती ऋण होते आणि प्रोग्राम कोसळतो. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी हे जाहीरपणे मांडले. हीच बेरीज सी भाषेत केली, तर प्रमाणकानुसार तिला काही अर्थच उरत नाही. कंपायलर वाटेल ते करायला मोकळा. ओळ तीच, पण भाषेगणिक अर्थ वेगळा. हा अर्थ गणिती काटेकोरपणे सांगणारे शास्त्र म्हणजे फॉर्मल सिमँटिक्स. आपल्या अभियांत्रिकीच्या वर्गांत व्याकरण आणि पार्सिंग भरपूर शिकवतात, अर्थाच्या वाट्याला मात्र फारसे काही येत नाही.

साधने नाहीत, ही सबब आता चालणार नाही. ग्लिन विन्स्केल यांचे १९९३ चे आणि बेंजामिन पिअर्स यांचे २००२ चे पाठ्यपुस्तक भक्कम आहे, पण तिथे आपली सिद्धता बरोबर की चूक, हे सांगायला जाणता शिक्षक लागतो. पिअर्स आणि सहकाऱ्यांच्या ‘सॉफ्टवेअर फाउंडेशन्स’ने ही अडचण बरीच दूर केली. ग्रंथमाला इंटरनेटवर मोफत आहे आणि तिचे स्वाध्याय रॉक नावाची तितकीच मोफत प्रणाली तपासते. शून्य अधिक क्ष याच्या जागी नुसता क्ष ठेवला तरी राशीची किंमत बदलत नाही, हे तिथे सिद्ध करायचे असते. एखादी शक्यता हाताळायची राहिली, तर रॉक सिद्धता पूर्ण मानतच नाही. चांगला मार्गदर्शक जवळ नसलेल्या गावातल्या विद्यार्थ्याला याहून मोठा आधार कोणता?

याने नोकरी मिळते का, असे विचारले जाईल. २०११ मध्ये युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी सीच्या कंपायलरांमध्ये ३२५ हून अधिक दोष शोधल्याचे जाहीर केले. मात्र रॉकमध्येच सिद्ध केलेल्या कॉम्पसर्ट या सी कंपायलरच्या त्या सिद्ध भागात चुकीचा कोड तयार करणारा एकही दोष त्यांना सापडला नाही. विमान किंवा वैद्यकीय उपकरण बनवणाऱ्याला या फरकाचे मोल सांगावे लागत नाही. कोड आता एआय लिहिते, हा आक्षेप तर उलट माझ्याच बाजूचा आहे: लिहिणारे यंत्र असेल, तर काय बरोबर हे नेमके सांगणारा माणूस अधिकच हवा. एक आक्षेप मात्र खरा आहे. आज्ञा टाकत गेले, की कधी कधी न समजताही सिद्धता पूर्ण होते. म्हणून प्रत्येक सिद्धता आधी कागदावर, शब्दांत लिहून घेतलीच पाहिजे.

ते तपासणे शिक्षकाचेच काम, आणि तिथे भाषेचा प्रश्न येतो. २०२१ पासून एआयसीटीईने मराठीतून अभियांत्रिकी शिकवायला मुभा दिली आहे. संगणक विभागांनी या ग्रंथमालेचा पहिला खंड तिसऱ्या वर्षाला ऐच्छिक विषय म्हणून लावावा आणि प्राध्यापकांनी त्यावर मराठीत टिपणे लिहायला घ्यावीत.