अपंग मुलाला घरची भाषा मिळणार की नाही?

सीमाभागात मराठी शाळांचा विषय निघाला की आपण पटसंख्या, शिक्षकांच्या रिक्त जागा, मराठी परिपत्रके यांवर तावातावाने बोलतो. बोललेच पाहिजे. पण खानापूर, निपाणी, भालकीकडच्या खेड्यांतील अंध किंवा कर्णबधिर मूल कोणत्या भाषेत शिकणार, हे आपल्या मेळाव्यांत कोणी विचारत नाही.

कायदा याबाबत मुका नाही. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. (सरकारी कागदावर ‘अपंग’चे ‘दिव्यांग’ झाले, शाळेच्या पायऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या!) अंध व कर्णबधिर मुलांना त्यांना सर्वाधिक योग्य अशा भाषेत आणि पद्धतीने शिकवावे, असे त्यातील कलम १६ सांगते. चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ देते. पसंती मुलाची, मुख्याध्यापकांची नव्हे.

‘आमच्याकडे सोय नाही, शहरातल्या विशेष शाळेत घाला,’ एवढे सांगून पालकांची बोळवण होते. ती शाळा कन्नड माध्यमाची असली तर कर्णबधिर पोर ओठांची हालचाल वाचायला शिकते ते बाईंच्या कन्नडवरून. सुटीत घरी आले की आई बोलते मराठी. यात दोष कन्नडचा नाही. मुलाला घरापासून तोडणाऱ्या सोयीचा आहे.

ब्रेल येणाऱ्या शिक्षकाला मराठी लिपी येत नाही, ही सबब तर मुळीच टिकणारी नाही. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये एकच ‘भारती ब्रेल’ ठरली. ‘क’ मराठीचा असो वा कन्नडचा, बोटाखाली ठिपके तेच, पहिला आणि तिसरा. ज्या पाट्यांवरून डोळस माणसे भांडतात, त्यांतील लिपीभेद या मुलांच्या बोटांना ठाऊकच नाही. अडते ते पुस्तकांपाशी. इथल्या मराठी शाळांची पाठ्यपुस्तके कर्नाटक सरकारच छापते. अभ्यासक्रम वेगळा असल्याने महाराष्ट्राची ब्रेल पुस्तके आणून भागत नाही. तेव्हा हीच पुस्तके ब्रेलमध्ये काढणे बेंगळूरचेच काम आहे, आणि कलम १७ नुसार ती अठराव्या वर्षापर्यंत फुकट मिळायला हवीत.

याच कलमात दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद आहे. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकात कन्नड सक्तीची झाली असली, तरी खरोखर गरज असलेल्या मुलासाठी ही सूट मागणे म्हणजे भाषाद्वेष नव्हे. ज्या अंध मुलाला झेपते त्याने मात्र कन्नड जरूर शिकावी. त्याला अक्षरे नव्याने गिरवावी लागत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सांगितले. या जागा भरताना मराठी शाळांसाठी मराठी जाणणारा शिक्षक हवा, ही मागणी आपल्या निवेदनांत आलीच पाहिजे. त्यासाठी शाळा सुधारणा समित्यांनी गावात घरी बसलेल्या मुलांची नावे, वय आणि घरची भाषा लिहून येत्या जूनपूर्वी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावीत आणि पोच घ्यावी.