भुतांना चेहरा देणारे हात

जपानच्या योकाईंना, म्हणजे तिथल्या भुताखेतांना, जगवलं ते चित्रकारांनी. तोरियामा सेकिएन यांनी १७७६ च्या चित्रसंग्रहात नदीतला काप्पा, पक्ष्यासारखा तेंगू असे जीव एकेका पानावर उतरवले आणि तोंडी कथांना ठसठशीत रूप मिळालं.

विसाव्या शतकात हा वारसा शिगेरू मिझुकी यांनी पुढे नेला. दुसऱ्या महायुद्धात डावा हात गमावलेल्या या कलावंताने ‘गेगेगे नो कितारो’ ही चित्रकथा रेखाटून विस्मरणात चाललेली भुतं घरोघरी पोहोचवली. हे काम कोणत्याही संग्रहालयापेक्षा मोठं आहे!

२०२० च्या कोरोना साथीत तर जपानच्या आरोग्य मंत्रालयाने जनजागृतीसाठी आमाबिए ही योकाई निवडली. चोच, लांब केस आणि खवल्यांची ही जलचर १८४६ च्या एका छापील पत्रकातून आली होती.