देशाला भाडे, आदिवासीला दहा टक्के!

रशियाचा वायू युक्रेनच्या जमिनीखालून युरोपला जात होता, तोवर युक्रेन त्याचे भाडे वसूल करीत होता. अगदी युद्ध चालू असतानाही! करार संपला आणि १ जानेवारी २०२५ ला युक्रेनने वाट बंद केली. वाटेतल्या देशाची ताकद जगाने पाहिली.

आता आपल्याकडे या. नवापूर ओलांडले की गुजरात, पुढे सुरतजवळ हजिरा. तेथून निघालेली वायूवाहिनी थेट उत्तर प्रदेशात जगदीशपूरला पोचली. उद्या तशीच एखादी नंदुरबारमधून निघाली, तर आमच्या आदिवासीच्या हाती काय?

त्यासाठी १९६२ चा वाहिनी कायदा वाचावा. या कायद्यात शेत विकत घेत नाहीत, फक्त 'वापराचा हक्क' घेतात. शेतकऱ्याने वर नांगरावे. घर बांधू नये, विहीर खणू नये, झाड लावू नये. मोबदला? झालेल्या नुकसानीची भरपाई आणि बाजारभावाच्या दहा टक्के, तेही एकदाच! वायू मात्र वर्षानुवर्षे वाहणार. हरकतीला मुदत अधिसूचनेपासून २१ दिवस. तोरणमाळच्या पाड्यावर राजपत्र कोण वाचतो? १९९६ चा पेसा कायदा भूसंपादनाआधी ग्रामसभेचा सल्ला घ्या म्हणतो. पण येथे 'संपादन' नाहीच, केवळ 'वापर' आहे, ही पळवाट वकिलांना बरोबर सापडते. (आम्हीही त्याच धंद्यातले.) २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. तेव्हा लढाई आता संसदेतच.

नर्मदेने आम्हाला हे आधीच शिकवले आहे. १९७९ च्या लवादाने सरदार सरोवराची वीज मध्य प्रदेशाला ५७, महाराष्ट्राला २७ आणि गुजरातला १६ टक्के अशी वाटली. अक्कलकुवा-धडगावची ३३ गावे बुडितात गेली, त्यांच्या नावे एक टक्काही नाही. बिलगावच्या लोकांनी २००३ मध्ये स्वतःचा छोटा वीजप्रकल्प उभारला, तोही २००६ मध्ये पाण्यात गेला. पुढे २००८ च्या जलविद्युत धोरणात केंद्राने प्रकल्पग्रस्त कुटुंबाला दहा वर्षे महिना १०० युनिट वीज देणे मान्य केले. म्हणजे तत्त्व मान्य आहे. मग वायूलाच ते का नको?

पाचव्या अनुसूचीतल्या जमिनीखालून वाहिनी जाणार असेल, तर ग्रामसभेची पूर्वसंमती आणि वाहतूक शुल्कात दरवर्षी तिचा हिस्सा, एवढी दुरुस्ती १९६२ च्या कायद्यात आम्हाला हवी. नंदुरबारची लोकसभेची जागा राखीव आहे, ती बाबासाहेबांच्या संविधानामुळे. तेथून निवडून जाणाऱ्या खासदारांना असे अशासकीय विधेयक मांडायला कोणी अडवले आहे?