उंबरठ्याबाहेरची पोरे

मे महिना सरत आला की मराठवाड्याचे डोळे आभाळाकडे लागतात. मृगाच्या आशेने बी-बियाण्यांची जुळवाजुळव सुरू होते, वह्या-पुस्तकांची दुकाने गजबजतात आणि दहावी-बारावीच्या निकालाने कुठे पेढे वाटले जातात, तर कुठे अबोला धरला जातो. याच दिवसांत, २५ मे रोजी, जग हरवलेल्या मुलांचे स्मरण करते. १९७९ साली त्या तारखेला न्यूयॉर्कमध्ये शाळेच्या बसकडे निघालेला सहा वर्षांचा मुलगा घरी परतलाच नाही. आपल्याकडे या दिवसाचा फारसा गाजावाजा नसतो. पण नांदेडच्या फलाटावर सचखंड किंवा देवगिरीची वाट पाहणाऱ्या गर्दीत, पाठीला दप्तर आणि सोबत कोणीच नाही, असे एखादे पोर कधीतरी आपल्याही नजरेला पडलेले असते. कुणाला मार चुकवायचा असतो, कुणाला ठरलेले लग्न, तर कुणाला लातूरच्या शिकवणीतल्या गुणांचा धाक.

अशा पोराला आपण वाया गेलेले ठरवून मोकळे होतो. कायदा तसे करीत नाही. अठराच्या आत घर सोडणे हा त्या मुलाचा गुन्हा नव्हे. २०१५ चा बाल न्याय कायदा त्याला काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक मानतो आणि सापडल्यापासून, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांत त्याला बालकल्याण समितीपुढे नेण्यास सांगतो. पालकांच्या ताब्यातून मूल पळवून नेण्याच्या कलमात पूर्वी मुलासाठी सोळा आणि मुलीसाठी अठरा वर्षे अशी मर्यादा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने दोघांनाही अठराचे छत्र दिले. मूल हरवल्याची तक्रार येताच गुन्हा नोंदवावा आणि अपहरण किंवा तस्करी गृहीत धरूनच तपास करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच बजावले आहे.

उशीर होतो तो बहुधा आपल्याच ओसरीवर. मुलगा गेला तर ‘येईल दोन दिवसांत’, मुलगी गेली तर ‘बोभाटा नको’. आधी मामाकडे फोन, मग मावशीकडे. तोवर गाडीने मनमाड ओलांडलेले असते. मुलगी परतलीच तर तिची शाळा सुटते आणि घाईघाईने स्थळ पाहिले जाते. अठराच्या आत तिचे लग्न लावणे मात्र २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. अब्रू राखण्याच्या नादात आपण लेकराच्या वाट्याला दुसरा वनवास लिहितो.

नव्या पेरणीच्या तोंडावर एवढे तरी ठरवू या. घरातले मूल दिसेनासे झाले, तर त्याच दिवशी पोलीस ठाणे गाठावे. फलाटावर एकटे पोर दिसले, तर १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवावे. हरवलेले मूल सापडून ज्याच्या ताब्यात येते, त्याने चोवीस तासांच्या आत अशी खबर देणे हे कायद्याने कर्तव्य आहे. आणि पोर घरी परतले, तर आधी ताट वाढावे. जाब विचारायचाच असेल, तर तो आधी स्वतःला विचारावा.