शिकण्याची किंमत कोणी मोजायची?

लष्करात भरती झालेल्या नव्या रंगरुटाला ज्या छावणीत कवायत शिकवितात, तिला इंग्रजीत ‘बूटकॅम्प’ म्हणतात. अमेरिकेत 2011-12 च्या सुमारास शिक्षणाच्या एका नव्या धंद्याने हे नाव उचलले. दहा-बारा आठवड्यांत संगणकावरील व मोबाइलवरील उत्पादनांचे डिझाइन शिका, जुना व्यवसाय सोडा आणि नवे आयुष्य सुरू करा, अशी त्याची हाक आहे. तिला ओ देऊन शाळेतील शिक्षिका येतात, दुकानातील विक्रेते येतात, हॉटेलांतील वेटर येतात. मात्र एका बाबतीत या छावणीने लष्कराचे अनुकरण केलेले नाही. लष्कर रंगरुटाला पहिल्या दिवसापासून पगार, अन्न आणि निवारा देते. येथे रंगरुटानेच पैसे मोजावयाचे असतात. सारा प्रश्न या एका फरकात सामावलेला आहे.

येथील दिवस कष्टाचा असतो. सकाळी नऊला वर्ग भरतो. काल काय केले आणि आज काय करणार, हे प्रत्येकाने उभ्या उभ्या सांगावयाचे. मग व्याख्यान. दुपारी वापरणाऱ्या माणसांच्या मुलाखती घ्यावयाच्या, त्यांचे म्हणणे रंगीत चिठ्ठ्यांवर उतरवून भिंतीवर लावावयाचे, त्यांची जुळणी करावयाची. त्यातून कागदावर आणि पुढे संगणकावर पडद्यांचे आराखडे काढावयाचे. ते लोकांपुढे ठेवून चुका शोधावयाच्या आणि आठवडाअखेर सर्वांसमोर मांडणी करावयाची. वर्ग पाचला सुटतो, काम सुटत नाही. रात्री आणि सुट्टीचे दिवस त्यातच जातात. अखेरीस तीन-चार प्रकल्पांचा ‘पोर्टफोलिओ’ हाती पडतो. हे शिक्षण निरुपयोगी आहे, असे म्हणता येणार नाही. वस्तू बनविण्यापूर्वी ती वापरणाऱ्याला विचारावे, हा धडा मोलाचाच आहे आणि त्या बळावर अनेकांना चांगल्या नोकऱ्याही मिळाल्या. तक्रार विद्येबद्दल नाही आणि विद्यार्थ्याबद्दल तर नाहीच. ती हिशेबाबद्दल आहे.

तो हिशेब पाहावा. नामांकित संस्थांत पूर्णवेळ अभ्यासक्रमाची फी सुमारे 15,000 डॉलर असते. अमेरिकेत संघराज्याचे किमान वेतन 2009 पासून ताशी 7.25 डॉलरवर अडलेले आहे. त्या दराने आठवड्याला 40 तास, वर्षाचे 52 आठवडे राबणाऱ्याची संपूर्ण कमाई 15,080 डॉलर भरते. म्हणजे बारा आठवडे शिकण्यासाठी एका माणसाचे वर्षभराचे श्रम! याखेरीज तीन महिन्यांचा बुडालेला पगार, घरभाडे, महागडा लॅपटॉप आणि त्यानंतर नोकरी शोधण्यात जाणारे महिने. नोकरीबरोबर बहुधा मालकाच्या वाट्याचा आरोग्य विमाही जातो. तो चालू ठेवावयाचा तर पूर्ण हप्ता स्वतःच भरावा लागतो. ज्याच्यापाशी शिल्लक नाही, त्याने खाजगी कर्ज काढावे, असा हा मार्ग आहे.

आणि हे पैसे जातात कोठे? ‘जनरल असेंब्ली’ ही या क्षेत्रातील मोठी संस्था 2018 मध्ये ‘अडेको’ या स्विस कंपनीने 41 कोटी 30 लाख डॉलरना विकत घेतली. अडेकोचा मूळ धंदा इतर कंपन्यांना मनुष्यबळ पुरविण्याचा. मजूर पुरविणारा कंत्राटदारच शाळेचा मालक झाला आणि मजूर घडविण्याचा खर्च मजुराकडूनच वसूल होऊ लागला! ‘टूयू’ या कंपनीने 2019 मध्ये विद्यापीठांच्या नावाने असे वर्ग चालविणारी ‘ट्रिलॉजी’ 75 कोटी डॉलरना घेतली. 2024 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षाअखेर हे वर्ग बंद करण्याचे जाहीर केले.

आश्वासनांची कथाही अशीच आहे. न्यूयॉर्कच्या ‘फ्लॅटआयर्न स्कूल’ने 98.5 टक्के विद्यार्थ्यांना काम मिळाल्याची जाहिरात केली. त्या आकड्यात शिकाऊ आणि कंत्राटी कामेही धरली होती, हे मात्र ठळकपणे सांगितले नाही. 2017 मध्ये राज्याच्या महाधिवक्त्याशी समझोता करून तिला 3,75,000 डॉलर द्यावे लागले. मुख्यतः प्रोग्रॅमिंग शिकविणाऱ्या ‘लॅम्डा स्कूल’ने, म्हणजे पुढच्या ‘ब्लूमटेक’ने, आधी शिका आणि पगारातून फेडा, अशी योजना आणली व हे कर्ज नव्हेच, असे सांगितले. ग्राहक वित्तीय संरक्षण विभागाने 2024 मध्ये ते कर्जच ठरविले. 71 ते 86 टक्क्यांना नोकऱ्या मिळतात, अशी तिची जाहिरात होती. अंतर्गत आकडे 50 टक्क्यांच्या आसपास, कधी 30 पर्यंत खाली होते.

नोव्हेंबर 2022 मध्ये ‘मेटा’ने 11,000 आणि जानेवारी 2023 मध्ये ‘गूगल’ने 12,000 जणांना कमी करण्याचे जाहीर केले. कर्ज काढून नुकताच शिकलेला उमेदवार आता अनुभवी माणसांच्या रांगेत मागे उभा राहिला. बाजाराचा निर्णय बाजाराचा. कर्ज मात्र त्याचे एकट्याचे. शिवाय अपयशाचा ठपका त्याच्या पोर्टफोलिओवर!

हे अटळ नाही. त्याच अमेरिकेने 1944 च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना फी आणि निर्वाहभत्ता दोन्ही दिले. भारतात 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उमेदवाराला विद्यावेतन देण्याची जबाबदारी मालकावर टाकली. त्याच वर्षी अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि 1969 मध्ये पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन केंद्र सार्वजनिक पैशातून उभे राहिले. शिकण्याचा खर्च समाजाने आणि उद्योगाने उचलावा, हे तत्त्व त्यात मान्य झाले होते. आज पुण्या-मुंबईतही डिझाइनचे महागडे वर्ग हप्त्यांवर विकले जात असताना त्या तत्त्वाचा विसर पडू देता कामा नये.

म्हणून कामगार संघटनांनी आणि कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. नोकरी मिळाल्याच्या प्रत्येक दाव्याची सरकारी तपासणी व्हावी. फी हप्त्याने घेणारा प्रत्येक करार कर्ज मानून त्यावर कर्जाचेच नियम लागू व्हावेत. आणि ज्या उद्योगाला नवे कौशल्य हवे, त्याने शिकणाऱ्याला शिकण्याच्या काळात वेतन द्यावे. मनुष्याला आयुष्यात दुसऱ्यांदा शिकण्याची संधी मिळणे ही प्रगतीच होय. पण त्या संधीसाठी त्याला वर्षभराचे श्रम गहाण ठेवावे लागत असतील, तर ती प्रगती सावकाराची आहे.